मामाची कॅमेरो आणि माझी एक्सेल शीट

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. अशाच एका रविवारी वडापाव घेऊन टेरेसवर बसलो होतो, तेवढ्यात मामाचा फोन आला. मामा अमेरिकेत, डेट्रॉईटजवळ राहतो. ख्यालीखुशाली झाली आणि त्याने एकदम विचारलं, "अरे, तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग, कॅमेरोत कुठलं इंजिन टाकू?"

आता माझी तेव्हा मशीन डिझाइनची केटी होती, हे मामाला कोण सांगणार! मी ऐटीत म्हटलं, "दोन दिवस दे मामा, स्टडी करून सांगतो." त्या स्टडीचं पुढे काय झालं आणि त्यातून मी काय शिकलो, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आधी गाडीची ओळख

'फास्ट अँड द फ्युरिअस'मधली काळी १९७० ची डॉज चार्जर आठवते? तीच ही मसल कार जमात. मध्यम आकाराची, दोन दारांची साधी अमेरिकन गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन ठोकायचं, एवढंच तिचं सूत्र. १९६४ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ ही या प्रकाराची सुरुवात मानतात. मध्यम गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही असा जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता. पॉन्टिअ‍ॅकच्या इंजिनियरांनी ३८९ घन इंचांचं इंजिन 'ऑप्शन' म्हणून विकून त्यातून पळवाट काढली. म्हणजे या गाड्यांचा जन्मच इंजिनाच्या अदलाबदलीतून झाला म्हणा ना!

मामाची गाडी १९६९ ची शेवरोले कॅमेरो. पण साधी. आत ३०७ घन इंचांचं, म्हणजे ५ लिटरचं व्ही-८, आणि दोनच गिअरचा 'पॉवरग्लाइड' ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आधीच्या मालकाने कूलंटऐवजी नुसतं पाणी भरून गाडी हिवाळ्यात उभी ठेवली होती. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. मिशिगनची थंडी म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे. सिलिंडर ब्लॉकला उभी चीर गेली आणि म्हणूनच गाडी मामाला परवडली.

मामेबहीण बारा वर्षांची असल्यापासून मामाबरोबर या गाडीचा गंज घासत होती. अजून दोन उन्हाळे, मग ती कॉलेजला बाहेरगावी जाणार. त्याआधी तिने ही गाडी चालवावी, एवढीच मामाची इच्छा. गॅरेजमध्ये हीटर नाही, म्हणजे काम काय ते उन्हाळ्यातच. ही अट मामाने पहिल्याच फोनवर सांगितली होती. मी ती ऐकली आणि विसरलो.

उमेदवार क्रमांक १, २, ३

क्रमांक एक, ३५० घन इंच. शेवरोलेचं 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८ आलं १९५५ साली, तेव्हा ते २६५ घन इंचांचं होतं. मग बोअर-स्ट्रोक वाढवत २८३, ३२७, ३०७, ३५० अशी भावंडं निघाली. ३५० चा बोअर ४ इंच आणि स्ट्रोक ३.४८ इंच. आठ सिलिंडरांचं घनफळ काढून बघा, बरोबर ३५० येईल (५.७ लिटर). हे इंजिन १९६७ साली पहिल्यांदा आलं तेच कॅमेरोमध्ये, आणि आजही या धाटणीची कोरी इंजिनं पेटीबंद विकत मिळतात.

क्रमांक दोन, ४५४ घन इंचांचं 'बिग ब्लॉक', म्हणजे ७.४ लिटर. १९७० च्या शेव्हेल एसएसमध्ये याची सर्वांत ताकदवान आवृत्ती ४५० हॉर्सपॉवरची होती. मामाचं मन खरं इथे अडकलं होतं. पण हे लोखंडी धूड स्मॉल ब्लॉकपेक्षा साधारण ५० किलोने जड, आणि ते सगळं वजन पुढच्या चाकांवर. त्यासाठी पुढच्या स्प्रिंगा बदला, मोठा रेडिएटर टाका. शिवाय त्या ४५० वाल्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो ११.२५ होता. तो त्या काळच्या शिसंयुक्त, जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी होता. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसंयुक्त पेट्रोल १९९६ पासून पूर्ण बंद आहे. आजच्या पंपावरच्या पेट्रोलवर तसं इंजिन नॉकिंग करणार. एवढं सांगितल्यावर मामा थोडा हिरमुसला, पण पटलं त्याला.

क्रमांक तीन, 'एलएस' घराण्यातलं. १९९७ च्या कॉर्व्हेटबरोबर जनरल मोटर्सने स्मॉल ब्लॉकची नवी पिढी आणली. नाव तेच, आतलं जवळपास सगळं नवं, फ्युएल इंजेक्शन आणि ईसीयूसकट. याच घराण्यातलं ५.३ लिटरचं इंजिन १९९९ पासून पिकअप ट्रकमध्ये येऊ लागलं. २७० ते २९५ हॉर्सपॉवर आणि भंगारवाल्याकडे ढिगाने उपलब्ध. आपल्याकडे जुन्या बाजारात ओम्नीचं इंजिन मिळावं तसं.

आकड्यांची गंमत

इथे एक सावधगिरी. जुन्या जाहिरातींतले हॉर्सपॉवरचे आकडे 'ग्रॉस' असायचे. इंजिन टेस्ट बेंचवर ठेवायचं, एअर फिल्टर, अल्टरनेटर, गाडीचा सायलेन्सर वगैरे ओझी काढून टाकायची आणि मोजायचं. १९७२ पासून अमेरिकन कंपन्या 'नेट' आकडे देऊ लागल्या, म्हणजे सगळी ओझी लावून. १९७१ साली कॅमेरो झेड/२८ चे दोन्ही आकडे छापलेले आहेत, ग्रॉस ३३० आणि नेट २७५. इंजिन तेच, कागदावर ५५ घोडे गायब! तेव्हा १९७० चे ४५० आणि ट्रकचे २९० हे एकाच रकान्यात लिहून तुलना करायची नसते. हे मला माहीत होतं. मी शीटमध्ये दुरुस्तीसुद्धा केली होती. मग डॉलर भागिले हॉर्सपॉवर काढलं. ट्रकचं ५.३ लिटर पहिलं आलं, तेही फार मोठ्या फरकाने.

मी मामाला मेल टाकली, "५.३ घे. डोळे झाकून घे." मामाने घेतलं.

आणि मग यादी सुरू झाली

जूनमध्ये मामाचा पहिला फोन. इंजिन खाली सोडताना ऑइलचा चेंबर पुढच्या क्रॉसमेंबरला टेकतोय. ट्रकला जमिनीपासून भरपूर उंची असते, म्हणून तिचा चेंबर खोल. मग कॅमेरोला बसणारा वेगळा चेंबर मागवला.

दुसरा फोन. इंजिन माउंटची भोकं जुळत नाहीत, मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट हवी. ती टाकली की इंजिन किती पुढे-मागे बसतं त्यावर सायलेन्सरचे पाइप ठरतात. म्हणजे तेही नवे.

तिसरा फोन. एलएसच्या क्रॅन्कशाफ्टचं मागचं टोक जुन्या इंजिनापेक्षा ०.४ इंच, म्हणजे सुमारे १० मिलिमीटर आत आहे. जुना गिअरबॉक्स ठेवायचा तर मध्ये स्पेसर हवा. १० मिलिमीटरसाठी दोन आठवडे काम बंद!

मग पेट्रोल. कार्बोरेटरला अर्ध्या बारपेक्षाही कमी दाब पुरतो, तो इंजिनावरचा साधा पंप देतो. या इंजिनाला लागतो सुमारे ४ बार. म्हणजे टाकीत इलेक्ट्रिक पंप, नवी पाइपलाइन, रेग्युलेटर. मग वायरिंग हार्नेस, ईसीयूचं प्रोग्रॅमिंग, हेडमधली वाफ रेडिएटरकडे नेणारी नळी...

यातली एकही गोष्ट अशक्य नव्हती. अमेरिकेत यातला प्रत्येक भाग तयार मिळतो आणि हजारो लोकांनी हे काम यशस्वी केलं आहे. ज्याच्याकडे वेळ आणि पैसा आहे त्याच्यासाठी ही उत्तम निवड आहे. गाडी थंडीतही एका सेल्फमध्ये चालू होते, पेट्रोल कमी पिते. पण मामाकडे फक्त शनिवार-रविवार होते. भागांची बेरीज इंजिनाच्या किमतीच्या वर गेली, सप्टेंबर उजाडला, गॅरेज गार पडलं आणि कॅमेरोचं नाक रिकामंच राहिलं. माझ्या शीटमध्ये 'इतर खर्च' नावाचा रकानाच नव्हता. आणि 'वेळ' नावाचा तर नव्हताच नव्हता.

फोनवर मामा मला एका शब्दाने बोलला नाही. मामेबहीण मात्र म्हणाली, "दादा, तुझ्या शीटमध्ये मी कुठे होते रे?" हे जिव्हारी लागलं.

दुसरा डाव

त्या हिवाळ्यात आम्ही उलटीकडून सुरुवात केली. गाडीत काय आहे ते आधी लिहिलं. गिअरबॉक्स पॉवरग्लाइड. मागचं डिफरन्शियल साधं. चारही चाकांना ड्रम ब्रेक. कार्बोरेटरची पेट्रोल लाइन. मग प्रश्न विचारला, यातलं सर्वांत जास्त तसंच ठेवून कुठलं इंजिन बसेल?

उत्तर समोरच होतं, ३५०. ते ३०७ चं सख्खं भावंड. तेच माउंट, तोच बेलहौसिंगचा नमुना, तीच पेट्रोल लाइन. दोनच गोष्टी तपासल्या. एक, १९८६ पासून ३५० च्या क्रॅन्कशाफ्टचं मागचं ऑइल सील एकसंध झालं आणि फ्लेक्सप्लेटच्या बोल्टचं वर्तुळ बदललं. म्हणून त्याच इंजिनाची, योग्य बॅलन्सची फ्लेक्सप्लेट घ्यावी लागते. दोन, जुन्या प्रकारच्या कॅमवर सपाट टॅपेट घासत फिरतात. त्यांना तेलात जस्त-फॉस्फरसचं मिश्रण लागतं आणि आजकालच्या तेलांत ते कमी केलेलं आहे. म्हणून रोलर टॅपेटवालं इंजिन घेतलं. ट्रकचं ५.३ एका शेजाऱ्याला विकलं. चीर गेलेला ३०७ फेकला नाही. त्याच्यावर गाडीच्या नंबराचा ठोका आहे, तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. गाडी मूळची झेड/२८ वगैरे असती, तर तिचं मूळ इंजिनच सोनं ठरलं असतं आणि आम्ही हा विचारही केला नसता.

वाचलेल्या पैशातून पहिली गोष्ट घेतली ती पुढचे डिस्क ब्रेक. हे मामाने ठरवलं. म्हणाला, "पोरगी चालवणार आहे. आधी थांबली पाहिजे, मग पळू दे."

एप्रिलअखेर काम सुरू झालं. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी रात्री हॉस्टेलच्या वायफायवर व्हिडिओ कॉल आला. चित्र अडकत होतं, पण आवाज स्पष्ट होता. मामेबहिणीने चावी फिरवली, एकदा खोकली, दुसऱ्यांदा धरलं. माझे रूम-पार्टनर झोपेतून उठून बसले!

आपल्यासाठी काय?

जाता जाता एक सूचना. मिशिगनमध्ये गाड्यांची नियमित धूर-तपासणी नाही, म्हणून हे खपलं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन बदललं तर आरसी आणि इन्शुरन्स दोन्हीचा घोळ होतो. तेव्हा मित्राच्या बुलेटवर प्रयोग करण्याआधी विचार करा.

आणि बीईच्या मित्रांनो, प्रोजेक्टसाठी मोटर किंवा इंजिन निवडताना कॅटलॉग उघडण्याआधी तीन ओळी लिहा. कशाला जोडायचंय, कोण वापरणार, आणि कुठल्या तारखेपर्यंत. आपल्या वर्कशॉपच्या मागे ताडपत्रीखाली जे सांगाडे पडलेत ना, त्यातल्या बऱ्याचशांत इंजिन चांगलंच आहे. फक्त ते कशालाच जोडलेलं नाही.

माझी केटी? ती सुटली. व्हायवाला सरांनी विचारलं, "सिलेक्शन क्रायटेरिया सांग." मी कॅमेरोपासून सुरुवात केली.