टॉवेल वाळत घातला, पण गाडीचं काय?

शुक्रवारी रात्री कसारा घाट चढणाऱ्या गाड्यांची रांग पाहावी. नाशिकच्या पर्यटनातला कार्बन कुठे आहे, ते तिथंच कळतं. गाडी रिसॉर्टच्या आवारात लागली की मात्र पाहुणा ते विसरतो. बाथरूममध्ये चिठ्ठी असते: टॉवेल रोज धुवायला टाकू नका, पृथ्वी वाचवा. पाहुणा टॉवेल वाळत घालतो आणि निवांत झोपतो.

टॉवेल वाळत घालावाच. पाणी वाचतं, धुलाईची वीज वाचते. पण हॉटेलात राहिल्यानंच सगळं प्रदूषण होतं, हा समज काही खरा नाही. चार जणांचं कुटुंब मुंबईहून येऊन-जाऊन, शिवाय इथं फिरून 380 किलोमीटर गाडी चालवतं असं धरू. लिटरला 15 किलोमीटर देणारी गाडी 25 लिटर पेट्रोल पिते. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. (पाऊण किलोच्या पेट्रोलातून सव्वादोन किलो वायू कसा, असं अनेकजण विचारतात. पेट्रोलातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, जादा वजन त्या ऑक्सिजनचं.) झाले 58 किलो. खोलीत दोन रात्रींत एसी, गीझर, दिवे मिळून 30 युनिट खर्ची पडली, तर देशाच्या ग्रिडच्या सरासरीनं, म्हणजे युनिटमागे सुमारे 0.7 किलो धरून, 21 किलो. जगाचा हिशेबही फार वेगळा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेनं 2008 साली मांडलेल्या अभ्यासात पर्यटनाच्या उत्सर्जनातला तीन चतुर्थांश वाटा प्रवासाचा होता, मुक्कामाचा 21 टक्के.

तेच कुटुंब रेल्वेनं आलं तर? गाडीत एकटा माणूस असेल तर किलोमीटरमागे दीडशे ग्रॅम, चौघे असतील तर माणशी चाळीसेक ग्रॅम. विजेच्या रेल्वेत हाच आकडा दहा-पंधरा ग्रॅमच्या आसपास येतो. पंचवटी एक्स्प्रेस 1975 पासून धावते आहे, आणि कसाऱ्याच्या याच थळ घाटात विजेची इंजिनं 1930 च्या सुमारास आली. कमी कार्बनच्या प्रवासाची सोय आपल्याकडे आजोबांच्या काळापासून आहे. घोडं अडतं ते नाशिकरोड स्टेशनच्या बाहेर. गंगापूर धरणाकाठचं रिसॉर्ट तिथून बरंच लांब, मग माणूस म्हणतो, त्यापेक्षा आपली गाडीच बरी. 2021 मध्ये सुरू झालेली सिटीलिंक बससेवा शहरात उपयोगी पडते, पण बॅगा आणि लेकरं घेऊन धरणापर्यंत जायला तिचा भरवसा कोण धरणार? दहा खोल्यांच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणणारी एक गाडी हॉटेलनं ठेवली, तर टॉवेलच्या शंभर चिठ्ठ्यांपेक्षा जास्त काम होईल.

म्हणूनच ‘झाडीतलं रिसॉर्ट म्हणजे हिरवं हॉटेल’ हेही तपासून घ्यावं. सीबीएस बसस्थानकाजवळचा पंखेवाला लॉज कोणाच्या फोटोत येत नाही, पण तिथं एसटीनं येता येतं, काळारामाला नि गोदाघाटावर रिक्षानं जाता येतं, आणि खोलीला उघडणारी खिडकी असते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. इथली रात्र वर्षातले कितीतरी महिने खिडकीनंच थंड होते. तरी नव्या इमारतींना बंद काचा लावतात आणि मग आत वर्षभर एसी चालवतात.

‘इलेक्ट्रिक गाडीनं आलो, आमचा कार्बन शून्य.’ हे नाशिकच्या माणसानं तरी म्हणू नये, कारण एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या त्याला नाशिकरोडवरून दिसतात. प्रत्येकी 210 मेगावॉटचे तीन संच, कोळशावर चालणारे. एका युनिटमध्ये सात किलोमीटर धावणारी गाडी धरली तर किलोमीटरमागे शंभरेक ग्रॅम येतात. पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा कमी, आणि तेही थोडं नाही. पण शून्य नाही. हॉटेलच्या छतावरच्या सौर पॅनेलवर दिवसा गाडी चार्ज झाली तर आकडा खरोखर खाली येतो. सुला वाइनयार्ड्सनं विजेची निम्म्याहून अधिक गरज सौरऊर्जेवर आणली आहे, म्हणजे इथल्या उन्हावर हे जमतं.

जनित्राबद्दल उलटा गैरसमज आहे. डिझेलचा वास येतो, काळा धूर दिसतो, म्हणून तेच मोठं पाप वाटतं. डिझेल जनित्राच्या एका युनिटमागे साधारण 0.8 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, ग्रिडच्या विजेपेक्षा थोडाच जास्त. काजळी आणि आवाजासाठी त्याला जरूर दोष द्यावा, पण हॉटेलातलं खरं मोठं उत्सर्जन डोळ्यांना दिसत नाही.

ते असतं एसीच्या गॅसमध्ये. ‘दर उन्हाळ्यात गॅस भरून घ्यावाच लागतो’ असं हॉटेलवाले सहज सांगतात, जणू गाडीत हवा भरावी. एसीचा गॅस जळत नाही, संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. दरवर्षी भरावा लागत असेल तर तो गळतो आहे. आर-410ए नावाचा गॅस एक किलो गळला, तर तापमानवाढीच्या हिशेबात तो दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका भरतो. वर सांगितलेल्या कुटुंबाच्या पस्तीस सहली! आर-32 चा आकडा त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका, सुमारे 675 किलो. किगाली करारानुसार भारतानं अशा वायूंच्या वापराला 2028 पासून मर्यादा घालायची आहे, पण गळका जोड शोधायला कोणी करारासाठी थांबायला नको. एसी 18 ऐवजी 24 वर ठेवला तर वीजही वाचते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबानं अंशामागे सुमारे सहा टक्के.

पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीचा प्रश्न कचऱ्याचा आहे आणि तो गंभीर आहे. कार्बनच्या वहीत मात्र एक बाटली म्हणजे गाडीचा अर्धा किलोमीटर. स्वयंपाकघराकडे लक्ष द्यावं ते गॅससाठी. 19 किलोचा कमर्शियल सिलिंडर जळला की 57 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे पुन्हा तीच मुंबईची सहल. बुफेत उरलेलं अन्न कचऱ्याच्या ढिगात दबून कुजलं तर मिथेन होतो, तो आणखी जहाल. हॉटेलांचं खरकटं आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र करून बायोगॅस व वीज बनवण्याचा प्रकल्प महापालिकेनं जर्मनीच्या मदतीनं विल्होळीजवळ उभारला. पण त्याला ओला कचरा वेगळा काढलेला लागतो. चमचे आणि टिश्यू मिसळलेलं खरकटं त्याच्या कामाचं नाही.

झाडं लावून हिशेब मिटतो का? एक मोठं झाड वर्षात वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं ढोबळमानानं धरतात. म्हणजे एका कुटुंबाची एक सहल भरून काढायला तीन मोठ्या झाडांना वर्षभर राबावं लागेल. आज लावलेलं रोप त्या ताकदीला यायला बरीच वर्षं जातात, तेही जगलं तर. 2025 च्या नोव्हेंबरात सिंहस्थ कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून शहर खवळलं, तेव्हा बदल्यात नवी झाडं लावू असं आश्वासन मिळालं. लोकांनी ते मान्य केलं नाही. त्यांचा हिशेब बरोबर होता.

आता 2027 चा सिंहस्थ. एवढी गर्दी म्हणजे केवढं प्रदूषण, असं म्हटलं जातं. एकूण आकडा मोठा असणारच. पण एसटीनं किंवा रेल्वेच्या साध्या डब्यातून येणारा, तंबूत झोपणारा आणि भंडाऱ्यात जेवणारा भाविक माणशी फारच थोडा कार्बन सोडतो. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी पायी येणारे दिंडीकरी तर आपल्या कुठल्याही तक्त्यात बसत नाहीत. गर्दी महिन्या-दोन महिन्यांत पांगेल. तिच्या नावानं आज जी हॉटेलं बांधली जात आहेत, ती पुढची तीस वर्षं इथंच उभी राहणार आहेत, आणि त्यांच्या खिडक्या उघडतील की नाही हे नकाशावर या वर्षीच ठरतं आहे.