आखडलेला खांदा आणि उपचारांचा खर्च

रायपूर शहराच्या उत्तरेस उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती पसरलेल्या आहेत. रोलिंग मिल आणि स्पंज आयर्नच्या कारखान्यांतून तेथे हजारो कामगार दिवसभर हात उंचावून, ओढून, ढकलून आपले काम करीत असतात. छत्तीसगढ हा धानाचा प्रदेश. धान खरेदीच्या हंगामात 40 किलोचे कट्टे पाठीवर व खांद्यावर घेऊन ते थप्पीला लावणारे हमाल गावोगावच्या केंद्रांवर दिसतात. तात्यापारा, बूढापारा या जुन्या वस्त्यांतून किंवा चौबे कॉलनीच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत अशी ओझी वाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. परंतु पन्नाशी उलटलेल्या गृहिणीला एके दिवशी वेणी घालताना हात मागे नेता येईनासा होतो, किंवा निवृत्त कर्मचाऱ्यास सदऱ्याची बाही चढविताना कळ येते. दुखणे एकच, खांद्याचे. त्यापायी होणारा खर्च मात्र प्रत्येकाचा निराळा असतो, आणि त्यातील बराचसा भाग टाळता येण्याजोगा असतो.

खांदा हा शरीरातील सर्वांत मोकळा सांधा. वरच्या बाहूच्या हाडाचा गोलाकार माथा एका उथळ खोबणीत टेकलेला असतो आणि चार लहान स्नायूंच्या कंडरा त्याला भोवतालून धरून ठेवतात. या कंडरांच्या वेढ्यास वैद्यकात ‘रोटेटर कफ’ म्हणतात. वयोमानाने वा अतिश्रमाने या कंडरा झिजतात, सुजतात, क्वचित फाटतात. दुसरा नित्याचा विकार म्हणजे सांध्याभोवतीचे आवरणच जाड होऊन आकसणे. आयुर्वेदात यास अवबाहुक म्हणतात. लोकांच्या बोलण्यात आता ‘फ्रोझन शोल्डर’ हेच नाव रुळले आहे. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी 1934 मध्ये खांद्यावरील आपल्या ग्रंथात ते वापरले. पुढे वाकून हात लोलकासारखा सैल झुलविण्याचा जो व्यायाम आजही प्रत्येक फिजिओथेरपिस्ट शिकवितो, तोही कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो.

आखडलेला खांदा साधारणतः चाळीस ते साठ या वयात आणि स्त्रियांत अधिक आढळतो. सर्वसाधारण लोकसंख्येत त्याचे प्रमाण शेकडा 2 ते 5 असल्याचे मानले जाते. मधुमेहींमध्ये ते शेकडा 10 ते 20 पर्यंत जाते. पहिल्या काही महिन्यांत वेदना तीव्र, विशेषतः रात्री. मग वेदना ओसरून जखडलेपणा उरतो. आणि शेवटी तो हळूहळू सुटू लागतो. हा सारा प्रवास एक ते तीन वर्षांचा असतो. एवढ्या दीर्घ काळात रुग्णाचा धीर सुटणे स्वाभाविक आहे, आणि खर्चाची खरी सुरुवातही तेथूनच होते. एका डॉक्टरांकडून दुसऱ्याकडे, तेथून तेल चोळणाऱ्या हाडवैद्याकडे, मग कोणाच्या तरी सांगण्यावरून थेट एमआरआय, अशी भ्रमंती सुरू होते. दरम्यान दुखणे आपल्या गतीने कमी झाले, तर श्रेय शेवटच्या उपचारास मिळते!

एमआरआयविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण बाह्यरुग्ण उपचारांत एका फटक्यात जाणारी सर्वांत मोठी रक्कम बहुधा हीच असते. अमेरिकेत 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या 96 व्यक्तींची एमआरआय तपासणी करण्यात आली. साठीपुढील व्यक्तींपैकी शेकडा 54 जणांच्या रोटेटर कफमध्ये फाटल्याच्या खुणा आढळल्या. न दुखणाऱ्या खांद्यातही कंडरा फाटलेली असू शकते, याचा हा पुरावा होय. तेव्हा अहवालातील ‘टेअर’ हा शब्द वाचून शस्त्रक्रियेची तारीख ठरविण्यापूर्वी ही खूण आपल्या वेदनेचे कारण आहे की वयाचा शिक्का, हे डॉक्टरांना विचारणे रास्त ठरते. आखडलेल्या खांद्याचे निदान तर बहुतेक वेळा हात फिरवून पाहून आणि एका साध्या एक्स-रेवर होते.

उपचारांची तुलना करणारे काही मोठे प्रयोग गेल्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये झाले. खांद्याच्या वरच्या हाडाचा भाग दुर्बिणीद्वारे घासून कंडरेस जागा करून देण्याची शस्त्रक्रिया तेथे मोठ्या प्रमाणावर होत असे. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही रुग्णांवर ही शस्त्रक्रिया केली गेली, तर काहींच्या खांद्यात केवळ दुर्बीण घालून ती बाहेर काढण्यात आली. दोन्ही गटांच्या सुधारणेत फरक आढळला नाही. आखडलेल्या खांद्यासाठी 503 रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. भूल देऊन सांधा मोकळा करणे, दुर्बिणीद्वारे आवरण कापणे आणि स्टेरॉइड इंजेक्शनसह नियोजनबद्ध फिजिओथेरपी या तिन्ही मार्गांनी गेलेले रुग्ण वर्षअखेरीस जवळपास एकाच ठिकाणी पोहोचले होते; खर्च मात्र दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सर्वाधिक होता. 2021 मधील तिसऱ्या प्रयोगात कंडरांच्या विकाराचे 708 रुग्ण होते. फिजिओथेरपिस्टच्या सहा बैठकांपर्यंत व्यायाम घेणारे आणि एकाच बैठकीत व्यायाम नीट शिकून घरी करणारे यांच्यात वर्षभराने लक्षणीय अंतर पडले नाही. इंजेक्शनाने मिळणारा आराम अल्पकालीन होता. मधुमेही व्यक्तीने हे इंजेक्शन घेतल्यास काही दिवस रक्तातील साखर वाढते, हे येथेच नमूद केलेले बरे.

रायपूरच्या रुग्णास या निष्कर्षांचा अर्थ रुपयांत मांडायचा तर चित्र स्पष्ट होते. फिजिओथेरपीच्या बैठकीस काही शे रुपये पडतात, एमआरआयला काही हजार आणि दुर्बिणीद्वारे कंडरा शिवण्याची शस्त्रक्रिया खाजगी रुग्णालयात लाखाच्या घरात जाते. शस्त्रक्रियेच्या बिलात हाडात बसविल्या जाणाऱ्या ‘अँकर’ची संख्या आणि त्यांची बनावट यांचा वाटा मोठा असतो, अंदाजपत्रक मागताना हा तपशील लिहून घ्यावा. शासकीय सोयही शहरात दुर्मिळ नाही. मेकाहारा या नावाने परिचित असलेले डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय आणि 2012 पासून सुरू झालेली एम्स या दोन्ही ठिकाणी अस्थिरोग विभागात अल्प खर्चात तपासणी होते. रांग लांब असते, हे खरे. परंतु महिनोन्‌महिने चालणाऱ्या दुखण्यात एका सकाळची रांग सोसण्यासारखी आहे. शहरात शासकीय फिजिओथेरपी महाविद्यालयही आहे. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागल्यास 2008 मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या दुकानातून घेतल्याने खर्चात पुष्कळ घट होते. मात्र अशा गोळ्या मूत्रपिंड व जठरास अपाय करू शकतात, म्हणून त्या स्वतःच्या मनाने चालू ठेवू नयेत.

आता विम्याकडे वळू. आरोग्य विम्याच्या बाबतीत छत्तीसगढचा इतिहास इतर अनेक राज्यांहून जुना आहे. राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेनंतर 2012 मध्ये मुख्यमंत्री स्वास्थ्य बीमा योजना आली आणि दारिद्र्यरेषेवरील कुटुंबांनाही विम्याचे छत्र मिळाले. 2018 मध्ये आयुष्मान भारत आणि 2020 मध्ये डॉ. खूबचंद बघेल स्वास्थ्य सहायता योजना सुरू झाली. तीत गरीब कुटुंबांस 5 लाख रुपयांपर्यंत, तर इतरांस 50,000 रुपयांपर्यंत मदतीची तरतूद करण्यात आली. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळू लागले. या सर्व योजनांचे सूत्र मात्र एक आहे : रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च. खांद्याच्या दहा रुग्णांतील बहुतेकांना दाखल व्हावेच लागत नाही. डॉक्टरांची भेट, एक्स-रे, गोळ्या, रिक्षाभाडे आणि आठवड्यागणिक फिजिओथेरपी, हा सारा खर्च कार्डाच्या कक्षेबाहेर राहतो. दाखल झालेल्यांचेही सर्वच पैसे वाचतात असे नाही. विमा असूनही खाजगी रुग्णालयांत अनेकांना खिशातून भर घालावी लागली, असे राज्यातील संशोधकांनी नोंदविले आहे.

खाजगी विमा पॉलिसीचीही हीच रीत. ‘एक रात्र दाखल व्हा, एमआरआय विम्यात बसवून घेऊ’ असा सल्ला कानी पडतो. केवळ तपासणीसाठी दाखल होणे हे पॉलिसीच्या प्रमाणित अपवादांत स्पष्टपणे नोंदलेले आहे. असा दावा फेटाळला जातो आणि खोलीचे भाडेही अंगावर पडते. अपघाताखेरीज उद्भवलेल्या सांध्याच्या विकारांना अनेक पॉलिसींत दोन वर्षांची प्रतीक्षा असते. शस्त्रक्रिया मंजूर झाल्यास तिच्यापूर्वीच्या साधारण 30 व नंतरच्या 60 दिवसांतील खर्च बहुतेक पॉलिसींत मिळतो. डॉक्टरांच्या लेखी सूचनेनुसार घेतलेली फिजिओथेरपी तीत बसू शकते. पावत्या जपून ठेवणाऱ्यासच हा लाभ पदरात पडतो.

खरा मोठा खर्च मात्र कोणत्याच पावतीवर दिसत नाही. स्वीडनमध्ये खांद्याच्या रुग्णांच्या वार्षिक खर्चाचा हिशेब 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण रकमेत उपचारांचा वाटा एक-पंचमांशाहूनही कमी निघाला. उरलेले सारे नुकसान बुडालेल्या कामाचे होते. सिलतऱ्याच्या कामगारास किंवा रोजंदारीवरील हमालास हे सांगावे लागत नाही. कारखान्यातील ज्या कामगारांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे, त्यांनी ती अवश्य वापरावी. बाह्यरुग्ण तपासणी व औषधे तीत मिळतात आणि अटी पूर्ण होत असल्यास आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. रायपूरच्या रावाभाठा भागात या योजनेचे रुग्णालय आहे. हमालास असे कोणतेही कवच नाही. त्याचा खांदा सहा महिने दुखला तर प्रथम सोने गहाण पडते, मग मुलाची शाळा सुटते. बँकेच्या आवर्ती ठेवीतील छोटीशी रक्कम अशा वेळी विम्याहून अधिक उपयोगी पडते, कारण ती कोणत्याही पावतीवाचून काढता येते.

काटकसर कोठे करू नये, हेही जाणून असावे. पडल्यानंतर वा झटका बसल्यानंतर हात अचानक उचलता येईनासा झाला, तर कंडरा संपूर्ण तुटलेली असू शकते. तेथे महिनाभर शेकत बसल्यास पुढील शस्त्रक्रिया अवघड होते. खांद्याच्या दुखण्यासोबत ताप येणे, वजन घटणे ही चिन्हे दुर्लक्षू नयेत. डाव्या खांद्याच्या वेदनेबरोबर घाम सुटून छाती दाटून येत असेल, तर ते हृदयाचे दुखणे असण्याची शक्यता गृहीत धरून तत्काळ रुग्णालय गाठावे.

ज्येष्ठ नागरिक खातेदारांसाठी एक बाब शेवटी. ज्यांचा आरोग्य विमा नाही, त्यांच्या प्रत्यक्ष वैद्यकीय खर्चावर जुन्या करप्रणालीत वर्षाला 50,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते आणि तीत बाह्यरुग्ण उपचारही धरले जातात. अट एवढीच की, पैसे रोखीने दिलेले नसावेत. त्यामुळे फिजिओथेरपिस्टचे शुल्क धनादेशाने, कार्डाने वा यूपीआयने द्यावे आणि प्रत्येक बैठकीची नाव-तारखेसह पावती मागून घ्यावी.