प्रिंटवर बोट ठेवून बोला

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आमच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंच्या रविवारच्या बैठकीत फोटो मोबाइलवर दाखवायला मनाई आहे. ज्याला मत हवे असेल त्याने मॅट कागदावर प्रिंट काढून आणायचा. या नियमामागे कारण आहे. एकाच्या मोबाइलचा ब्राइटनेस पूर्ण चढवलेला असतो, दुसऱ्याचा बॅटरी वाचवायला उतरवलेला. रंगीत फोटोत हा फरक खपून जातो. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये मात्र सगळा जीव काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांमध्ये असतो, आणि एकाला दिसणारा काळा दुसऱ्याला राखाडी दिसत असेल तर बोलायचे कशावर? प्रिंट खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला की सगळ्यांसमोर एकच काळा असतो.

पहिल्या फेरीत चांगले-वाईट कोणी म्हणायचे नाही. फोटोत काय आहे एवढेच सांगायचे, आणि फोटो काढणाऱ्याने तोवर गप्प बसायचे. ऐकायला सोपे वाटते, पण हीच फेरी सर्वांत अवघड जाते. फोटो टेबलावर आला की तोंडातून ‘मस्त’ निघतेच. ‘मस्त’ने काढणारा खूश होतो आणि तिथेच थांबतो. ‘नाही जमला’ने तो खट्टू होतो आणि तोही तिथेच थांबतो. दोन्हींत फोटो बघितलेलाच नसतो.

या पावसाळ्याच्या तोंडावर एका कॉलेजच्या मुलीने आणलेला प्रिंट घ्या. बदलापूर स्टेशनबाहेर जांभळे विकायला बसलेल्या एका बाईंचा तो फोटो. टोपलीत हिरव्या पानांवर जांभळांचे वाटे, मागे घाईतले पाय. पहिल्या फेरीत एकाने सांगितले, ‘आधी पाय दिसले.’ दुसऱ्याने, ‘मला चेहऱ्यावरच्या सुरकुत्या.’ जांभळांचे नाव कोणीच घेतले नाही. मुलीचा चेहरा उतरला, कारण तिने फोटो काढला होता तो जांभळांसाठी.

दुसऱ्या फेरीत अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या काकांनी टोपलीवर बोट ठेवले. ‘बघ, पान हिरवं, फळ जांभळं. डोळ्याला केवढा फरक! पण रंग गेला की दोन्ही सारखीच गडद. म्हणून टोपली बुडाली. मूळ फाइल रंगीत आहे ना? मग रूपांतर करताना पिवळा आणि हिरवा उजळव. पान वर येईल, जांभूळ काळंच राहील. आम्ही फिल्मच्या दिवसांत लेन्सवर पिवळसर-हिरवा फिल्टर लावायचो, काम तेच.’ ‘कॉन्ट्रास्ट कमी आहे’ एवढेच काका म्हणाले असते तर मुलीने घरी जाऊन सगळ्या फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवला असता आणि टोपली आणखी बुडाली असती. कुठे, का आणि काय करून बघायचे, हे तिन्ही सांगितले तरच टीका उपयोगाची.

मग चेहऱ्याची पाळी आली. एक काकू म्हणाल्या, ‘मी यांच्याकडूनच जांभळं घेते. त्या एवढ्या म्हाताऱ्या नाहीत गं.’ खोलीत कोणी काही बोलले नाही. मुलीने एडिटिंगमध्ये क्लॅरिटीचा स्लायडर ओढून सुरकुत्या खोल केल्या होत्या. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये हा मोह फार होतो. कष्टकऱ्याचा चेहरा दिसला की त्याची प्रत्येक रेघ कोरून काढायची आणि त्याला वास्तव म्हणायचे. तंत्राची चूक दाखवणारे पुष्कळ भेटतात. समोरच्या माणसावर अन्याय झालाय हे सांगणारे कमी, आणि मला त्यांची किंमत जास्त वाटते.

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा विषय म्हणजे अंबरनाथचे शिवमंदिर. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०चा शिलालेख असलेले, शिलाहारांच्या काळातले, वालधुनीच्या काठावरचे काळ्या दगडाचे हे मंदिर हौशी माणसाची कठोर परीक्षा घेते. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सगळे मध्यम राखाडी मानून चालतो. फ्रेममध्ये काळाच दगड भरला की तो एक्स्पोजर वाढवतो, दगड सिमेंटसारखा होतो आणि वरचे आभाळ जळते. उपाय साधा आहे, एक-दीड स्टॉप कमी करायचा. पण किती काळा हवा हे ठरवायला मोजमाप लागते. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास बसवलेली झोन सिस्टिम इथे कामी येते. शून्य म्हणजे ठार काळा, दहा म्हणजे कोरा कागद. पोत नीट दिसावा असा गडद भाग तिसऱ्या झोनमध्ये. आता आमच्याकडे ‘दगड मेलाय’ असे कोणी म्हणत नाही. ‘कोनाड्यातली मूर्ती पहिल्यावर गेलीय, तिसऱ्यावर आण’ असे म्हणतात. आकड्याचा राग येत नाही, विशेषणाचा येतो.

याच मंदिराच्या शिलालेखाचे वाचन डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रसिद्ध केले होते. ते पुन्हा तपासून दुरुस्त केले त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या भगवानलाल इंद्रजींनी. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे १८५४ साली स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बेच्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी. अक्षर असो की छायाचित्र, पुन्हा बघून दुरुस्त करणे हा विद्येचा भाग आहे आणि त्यात गुरूचा अपमान नाही, ही समज आपल्याकडे जुनी आहे.

टीका ऐकण्याचेही शिक्षण लागते. तिसऱ्या फेरीत काढणाऱ्याला बोलायला मिळते, पण ‘तिथे गर्दी होती’, ‘लाइट नव्हता’ हे सांगायचे नाही. प्रिंटसोबत काढणारा कायम उभा राहणार नाही. त्याने एवढेच सांगायचे की मला काय दाखवायचे होते. मग कोणती सूचना त्या हेतूला धरून आहे आणि कोणती दुसऱ्याच्या आवडीतून आली आहे, हे त्यालाच निवडता येते. सगळ्या सूचना पाळल्या तर फोटो कोणाचाच उरत नाही. जांभळांच्या फोटोतले मागचे पाय कापून टाक, असे दोघांनी सुचवले होते. मुलीने ऐकले आणि नाकारले. ‘गाडी पकडायच्या घाईत कोणी थांबत नाही, तेच दाखवायचंय,’ ती म्हणाली. तिचे बरोबर होते.

पुढच्या खेपेस तिने नवा प्रिंट आणून जुन्याच्या शेजारी ठेवला. पानांवर जांभळे सुटी दिसत होती, प्रत्येकावर चकाकीचा एक ठिपका. चेहरा मऊ झाला होता, पाय तिथेच होते.

अशा बैठकीला मोठी संस्था लागत नाही. चार माणसे, एक खिडकी आणि प्रिंटपुरते पैसे पुरतात. लाभ फोटो आणणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याला अधिक होतो, असे माझे मत आहे. दुसऱ्याच्या प्रिंटवर ‘इथे’ म्हणून बोट ठेवायची सवय लागलेला माणूस स्वतः कॅमेरा उचलतो तेव्हा ती जागा बटण दाबायच्या आधीच शोधतो.