जर्मनीत आजारी पडण्याआधी एवढं वाचा

नोकरी-शिक्षणासाठी जर्मनीत नव्याने आलेल्या मंडळींसाठी ही पोस्ट. सामान उघडलं की पहिलं काम म्हणजे घराजवळचा हाउसआर्ट्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, गाठायचा. ठणठणीत असतानाच! बरेच दवाखाने नवे पेशंट घेत नाहीत, आणि ताप चढल्यावर दहा ठिकाणी फोन करायचं त्राण कुणाला असतं?

सरकारी विमा असेल तर दर तिमाहीत दवाखान्यात पहिल्यांदा जाताना विम्याचं कार्ड मशिनमध्ये घालावं लागतं. 2024 पासून प्रिस्क्रिप्शनही त्याच कार्डावर. घरात झोपून असाल तर रूममेट तुमचं कार्ड नेऊन औषधं आणू शकतो. प्रिस्क्रिप्शनच्या औषधामागे साधारण 5 ते 10 युरो खिशातून जातात, 18 वर्षांखालच्या मुलांना तेही माफ.

बुधवारी आणि शुक्रवारी दुपारनंतर बरेच दवाखाने बंद. (आपल्याकडे रात्री दहालाही डॉक्टर भेटतो, ती चैन विसरा.) अशा वेळी दुखणं जिवावरचं नसेल तर 116117 हा ऑन-कॉल डॉक्टरांचा नंबर लावा. रात्री औषध हवं असेल तर कुठल्याही बंद अपोथेकच्या, म्हणजे औषधाच्या दुकानाच्या, दारावर ड्युटीवरच्या दुकानाचा पत्ता असतो. तिथे बेल वाजवायची, छोट्या खिडकीतून औषध मिळतं, वर अडीच युरो जादा.

छातीत दुखणं, श्वास अडकणं, बेशुद्धी असेल तर मात्र थेट 112. दोन्ही नंबर आत्ताच सेव्ह करा, आणि जर्मनीला निघालेल्या ओळखीच्यांना ही पोस्ट पाठवा.