रिकाम्या घराची ऊब

कोकणातले घर बंद करून मुंबईला निघताना अम्मी किल्ली शेजारी देत आणि सांगत, "अधूनमधून चूल पेटवा हो, घर ओल धरते." तिथे बंद घराचा दुश्मन पाऊस. कॅनडात आल्यावर आम्हाला कळले, इथे दुश्मन नळातच दडून बसलेला असतो.

टोरांटोच्या उत्तरेला मस्कोका हा तळ्यांचा मुलूख आहे. तिथे आम्ही भावंडांनी मिळून एक लाकडी कॉटेज घेतले. उन्हाळ्यात मुले तळ्यात डुंबतात. हिवाळ्यात महिन्यातून एखाद्या शनिवार-रविवारी जाणे होते, बाकी दिवस घर रिकामे. जानेवारीत रात्रीचा पारा उणे 20 अंशांखालीही उतरतो.

रिकाम्या घरात हीटर चालू ठेवणे म्हणजे इस्राफच, असे आम्हाला वाटे. तरी थर्मोस्टॅट 10 अंशांवर लावला आणि निर्धास्त झालो. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याला किल्ली द्यावी, असे भाभी म्हणाल्या होत्या. पण परक्यांना कशाला त्रास, म्हणून आम्ही टाळले.

फेब्रुवारीत वादळ झाले आणि वीज गेली. हीटर थंडावला, नळ गोठले. वीज आल्यावर बर्फ वितळला, फुटलेल्या पाइपातून पाणी वाहू लागले आणि विहिरीचा पंप ते पुरवतच राहिला. आम्ही पोहोचलो तेव्हा लाकडी जमीन फुगली होती. अब्बांनी आफ्रिकेतून धाडलेल्या पत्रांची पेटी पाण्यात होती. विमा कंपनीने एकच प्रश्न विचारला : "मधल्या काळात घर कोणी पाहिले?" आमच्याकडे उत्तर नव्हते. इथल्या अनेक पॉलिसींत, थंडीत घर चार दिवसांहून अधिक रिकामे राहणार असेल तर कोणीतरी रोज पाहावे किंवा पाणी बंद करून नळ रिकामे करावेत, अशी अट असते.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. बर्फाचा बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि पाइप फुटतो. घर उबदार ठेवले तर हे टळते. पण ती ऊब विजेवर अवलंबून. 1998 च्या जानेवारीतल्या गोठत्या पावसाच्या वादळात पूर्व कॅनडातली लाखो घरे अंधारात गेली होती. कित्येकांची वीज काही आठवडे आली नाही. म्हणून नुसत्या उबेवर भिस्त ठेवू नये.

आता आमचा शिरस्ता असा. निघताना पंप बंद, मुख्य व्हॉल्व्ह बंद, सगळ्या तोट्या उघडून पाणी काढून टाकायचे. गीझरचीही वीज बंद करून त्याची टाकी रिकामी करायची. बेसिनच्या आणि संडासाच्या वाकड्या नळीत पाणी उरतेच. तिथे नळांसाठी मिळणारे गुलाबी, बिनविषारी अँटीफ्रीझ ओतायचे. बेसिनखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवायची, म्हणजे ऊब पाइपापर्यंत पोहोचते. थर्मोस्टॅट 10 अंशांवरच. पारा फार उतरला की मोबाइलवर इशारा देणारे यंत्रही बसवले आहे. वीज गेली की ते मात्र गप्प बसते.

तेव्हा उपयोगी पडतो तो शेजारी. किल्ली आता त्या म्हाताऱ्या जोडप्याकडे असते. "पहिल्याच वर्षी का नाही मागितलेत?" असे ते म्हणाले, तेव्हा आम्ही खाली मान घातली. पत्रे आम्ही दोरीवर वाळवली. निम्म्यांची शाई गेली होती.

अम्मींनी किल्ली शेजारी का दिली होती, ते समजायला आम्हाला एक हिवाळा लागला.