जबड्याच्या वळणावरून फिरणारा क्ष-किरण

दंतवैद्य ‘ओपीजी’ काढून आणायला सांगतात तेव्हा दोन्ही जबडे, सर्व दात, अद्याप न उगवलेल्या अक्कलदाढा आणि कानापुढील सांधे एकाच पटावर दाखवणारी क्ष-किरण प्रतिमा त्यांना हवी असते. नालेसारखा वळलेला जबडा सपाट पटावर उलगडण्याचे हे तंत्र फिनलंडमधील युर्यो पाटेरो यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून विकसित केले. आजच्या यंत्रात क्ष-किरणांचा स्रोत रुग्णाच्या डोक्यामागून, तर किरण टिपणारा संवेदक चेहऱ्यासमोरून फिरतो. अरुंद फटीतून येणारा उभा किरणझोत जबड्यावरून ज्या वेगाने सरकतो त्याच्याशी संवेदकाचा वेग जुळवलेला असल्याने दातांच्या रांगेचा वक्र पट्टा तेवढा स्पष्ट उमटतो आणि त्याच्या पुढचे-मागचे सारे पुसट होते.

म्हणूनच ही प्रतिमा म्हणजे जबड्याचे छायाचित्र नव्हे, तर हालचालीतून घडवलेला एक छेद आहे, हे ती वाचणाऱ्याने क्षणभरही विसरता कामा नये. रुग्ण किंचित पुढे उभा राहिला तर समोरचे दात अरुंद दिसतात, मागे राहिला तर रुंद. जीभ टाळूला टेकवली नाही तर मधल्या हवेची काळी सावली वरच्या दातांच्या मुळांवर पसरते. आणि कानातले काढायचे राहिले तर त्याची धूसर, मोठी प्रतिमा विरुद्ध बाजूला, थोडी वर उमटून नसलेल्या विकाराचा भास निर्माण करते.

जबड्याचे अस्थिभंग, हाडातील पुटी आणि अर्बुदे यांचा विस्तार एका दृष्टिक्षेपात कळावा यासाठी ही पद्धत फार मोलाची आहे. दोन दातांमधील कोवळी कीड मात्र तिच्यात सहज निसटते, कारण शेजारचे दात एकमेकांवर चढलेले दिसतात, आणि तिथे तोंडात ठेवून काढलेला छोटा एक्स-रेच लागतो. किरणोत्साराची मात्रा साधारण एक-दोन शतांश मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून काही दिवसांत मिळते तेवढीच असली, तरी तपासणीपूर्वीच सरसकट प्रत्येकाचा ओपीजी काढणे समर्थनीय नाही.

अक्कलदाढ काढण्यापूर्वी या प्रतिमेचे खरे महत्त्व दिसते. खालच्या ओठाला संवेदना पुरवणारी नस जबड्याच्या हाडातील ज्या नलिकेतून जाते, तिची पांढरी कड दाढेच्या मुळापाशी तुटलेली किंवा तिथेच मूळ काळवंडलेले दिसले, तर दोन्ही परस्परांना भिडले असल्याचा संशय बळावतो. नलिका मुळाच्या जिभेकडील बाजूला आहे की गालाकडील, हे सपाट प्रतिमेवरून ठरत नसल्याने अशा वेळी त्रिमितीय सीबीसीटी तपासणी करून मगच शस्त्रक्रियेचा मार्ग निश्चित केला जातो.