बापाच्या पगारातला मुलाचा वाटा

कर्ज थकवलेल्या नोकरदाराच्या पगारावर जप्ती आणायची झाली, तर आपला दिवाणी कायदा धनकोचा हात बराच आखडून धरतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश यांना धक्का लागत नाही. मात्र वसुली पोटगीच्या हुकूमनाम्याची असेल, तर हेच कलम हिशेब उलटा करते. नोकरदाराकडे राहतो एक-तृतीयांश पगार; दोन-तृतीयांशापर्यंतची रक्कम जप्त होऊ शकते. महिना 40,000 रुपये पगार धरला, तर बँकेला त्यातले फार तर 13,000 रुपये मिळतील, पोटगीच्या हक्कदाराला मात्र 26,667 रुपयांपर्यंत. (पगार म्हणजे जप्तीतून वगळलेले भत्ते सोडून उरणारी रक्कम.)

फरक एवढ्यावर संपत नाही. साध्या कर्जासाठी एकाच हुकूमनाम्याखाली पगार एकूण 24 महिने जप्तीत राहिला, की त्या हुकूमनाम्यापुरता तो कायमचा मोकळा होतो. ही सवलत साध्या कर्जाच्या पोटकलमात आहे, पोटगीच्या पोटकलमात नाही. मुलाची भूक चोवीस महिन्यांनी संपत नाही, हे कायद्याला ठाऊक आहे.

पगारपत्रकावर चालणारे शहर

हा नियम मध्य प्रदेशातल्या जबलपूरमध्ये किती घरांना लागू पडू शकतो, हे शहराकडे पाहिले की कळते. 1904 ची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धात उभी राहिलेली खमरियाची दारूगोळा फॅक्टरी, 1969 ची व्हेईकल फॅक्टरी, 2003 पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय, वीज कंपन्यांची कार्यालये आणि उच्च न्यायालय. महिनाअखेरीच्या पगारावर इथली कितीतरी कुटुंबे चालतात.

उच्च न्यायालयाचे नागपूरशी जुने नाते आहे. 1936 मध्ये स्थापन झालेल्या नागपूर उच्च न्यायालयाची परंपरा 1 नोव्हेंबर 1956 रोजी, राज्य पुनर्रचनेच्या दिवशी, जबलपूरला गेली. तेव्हाचे नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला जबलपूरचे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. पुढे पोटगीच्या वसुलीला बळ देणारे महत्त्वाचे निर्णय याच दोन शहरांतल्या खटल्यांतून आले.

जप्ती चालते कशी

सरकारी, रेल्वेच्या आणि सरकारी कंपन्यांच्या नोकरांसाठी संहितेच्या आदेश 21 मधला नियम 48 आहे. न्यायालय थेट पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याला हुकूम पाठवते. ठरलेली रक्कम त्याने दरमहा पगारातून कापून न्यायालयात भरायची. नोकर किंवा तो अधिकारी न्यायालयाच्या हद्दीत नसला तरी हुकूम लागू होतो, त्यामुळे खमरियाहून दुसऱ्या गावच्या कारखान्यात बदली करून घेतली म्हणून सुटका होत नाही. हुकूम डावलून पूर्ण पगार दिला, तर त्या रकमेची जबाबदारी मालकावर येते. खासगी नोकरांसाठी नियम 48-अ आहे. तिथे मात्र पगार देणारा न्यायालयाच्या हद्दीत असावा लागतो.

दुसरी वाट 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची. त्याच्या कलम 20(6) प्रमाणे नवऱ्याने ठरलेले पैसे दिले नाहीत, तर दंडाधिकारी त्याच्या मालकालाच सांगू शकतो: पगाराचा हिस्सा थेट या बाईच्या हाती द्या किंवा न्यायालयात भरा. नवऱ्याला ज्याच्याकडून पैसे येणे आहेत, त्यालाही असा हुकूम देता येतो.

तिसरी वाट सर्वांत जुनी. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 झाले. ते सर्व धर्मांना लागू आहे आणि अनौरस मुलालाही खावटीचा हक्क देते. थकबाकी दंडाप्रमाणे वसूल होते: जंगम मालमत्तेची जप्ती, किंवा जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. तरीही रक्कम उरली, तर प्रत्येक महिन्याच्या खावटीसाठी एक महिन्यापर्यंत कैद. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये कुलदीप कौर खटल्यात स्पष्ट केले. तुरुंग हे वसुलीचे साधन आहे, पावती नव्हे.

पगार किती, हेच कळत नाही तेव्हा

जप्तीचा हुकूम मिळवण्याआधीची अडचण मोठी असते. नवऱ्याचा खरा पगार बायकोला सिद्ध करता येत नाही आणि खावटी ठरतानाच कमी ठरते. जबलपूरच्या उच्च न्यायालयासमोर असेच एक प्रकरण आले. भारत संचार निगममधल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीला खावटी मिळत होती 7,000 रुपये. नवऱ्याचा पगार दोन लाखांच्या वर आहे, असे तिचे म्हणणे होते. केंद्रीय माहिती आयोगाने 2007 मध्ये पगाराचा तपशील देण्याचा आदेश दिला. एकल न्यायाधीशांनी तो 2015 मध्ये रद्द केला. मे 2018 मध्ये न्यायमूर्ती एस. के. सेठ आणि नंदिता दुबे यांच्या खंडपीठाने पत्नीच्या बाजूने निकाल दिला: नवऱ्याला किती पगार मिळतो हे जाणण्याचा तिला हक्क आहे, या बाबतीत ती त्रयस्थ नव्हे. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही पोटगीच्या वादात याच दिशेचा निर्णय दिला.

देशभरासाठी रस्ता बांधला तो नागपूरच्याच एका खटल्याने. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये, सप्टेंबर 2013 पासून लागू होईल अशी, पत्नीला 15,000 रुपये आणि मुलाला आधी 5,000, सप्टेंबर 2015 पासून 10,000 रुपये अंतरिम पोटगी ठरवली होती. तो वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि 4 नोव्हेंबर 2020 रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा व सुभाष रेड्डी यांनी 'रजनेश विरुद्ध नेहा' हा निकाल दिला. आता दोन्ही पक्षांना मिळकत आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते आणि तिचा आदेश पैशाच्या हुकूमनाम्यासारखा, म्हणजे पगारजप्तीसह, बजावता येतो.

लष्करी पगार आणि पेन्शन

जबलपूर छावणीचेही शहर आहे. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स यांची रेजिमेंटल केंद्रे इथे आहेत. सैनिकाच्या पगारावर दिवाणी न्यायालयाला जप्ती आणता येत नाही. तरी त्याची मुले वाऱ्यावर नाहीत. 1950 च्या लष्कर कायद्याच्या कलम 90 आणि 91 प्रमाणे, केंद्र सरकार किंवा नेमलेला अधिकारी बायको आणि औरस-अनौरस मुलांच्या पालनासाठी पगारातून कपात करण्याचा हुकूम देऊ शकतो. बायकोने अर्ज करायचा तो लष्कराकडे.

पेन्शनला 1871 च्या पेन्शन कायद्याचे संरक्षण आहे, पण ते धनकोपासून. पत्नी ही धनको नव्हे, म्हणून पोटगीसाठी पेन्शनवर जप्ती येऊ शकते, असे नागपूर खंडपीठाने 2019 मध्ये म्हटले.

प्राप्तिकराचा परतावा

अमेरिकेत 1981 च्या कायद्यापासून थकलेल्या बालसंगोपन-खर्चासाठी बापाचा केंद्रीय कराचा परतावाच अडवला जातो. राज्याची यंत्रणा थकबाकीदारांची यादी केंद्रीय कोषागाराला देते आणि परतावा बापाऐवजी मुलाकडे वळतो. थकबाकी 2,500 डॉलरच्या वर गेली, तर पासपोर्टही नाकारला जातो. ऑस्ट्रेलियाने 1988 मध्ये मुलांच्या खर्चाची वसुली सुरुवातीला कर खात्याकडेच सोपवली. जर्मनीत बाप देत नसेल तेव्हा सरकार मुलाला आगाऊ पैसे देते आणि मग बापाकडून वसूल करते.

भारतात प्राप्तिकर खाते परतावा वळते करते तो स्वतःच्या जुन्या करबाकीत. पोटगीच्या थकबाकीशी त्याची जोडणी नाही. इथे प्रत्येक आईला स्वतःच दरखास्त घेऊन उभे राहावे लागते.

पगारजप्तीची मर्यादाही उघड आहे: पगार असेल तरच ती चालते. शाहबानो प्रकरण मध्य प्रदेशातलेच. दंडाधिकाऱ्याने 1979 मध्ये ठरवलेली महिना 25 रुपयांची पोटगी उच्च न्यायालयाने 1980 मध्ये 179 रुपये 20 पैसे केली. नवरा इंदूरचा वकील होता, पगारपत्रक नव्हतेच. दुकानदार, ठेकेदार, रोजंदार यांच्या बाबतीत आजही मालमत्तेची जप्ती आणि कैदेची भीती एवढीच साधने उरतात. थकबाकीदारांची नोंद कर खात्याशी आणि बँकांशी जोडणारी यंत्रणा हवी ती या लोकांसाठी.

तोवर ज्यांच्या हाती पोटगीचा आदेश आहे, त्यांनी एक मुदत लक्षात ठेवावी. दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नये: 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि प्राधिकरणाचे कार्यालय प्रत्येक जिल्हा न्यायालयात असते.